चांदणी कोणाच्या नावापुढे आहे?

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरची माझी पहिली प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची प्राथमिक फेरी, जून २०१८ची. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या आमच्या घरी टपालातून एक रंगीत पत्रक आलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पदासाठी एकेक नाव. मला वाटलं, पक्षानंच सुचवलंय. ते शेजारी ठेवून मी मतपत्रिकेवरचे गोल काळे केले. तळाची बारीक अक्षरं वाचली ती मतपत्रिका टपालात टाकून आल्यावर: ज्यांच्या नावापुढे चांदणी (*), त्यांनी या पत्रकात येण्यासाठी पैसे भरलेत. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

म्हणून कॅलिफोर्नियात नव्यानं मत देणाऱ्या आपल्या लोकांना आधी हेच सांगते. अशा पत्रकाला इथे स्लेट मेलर म्हणतात. ती चांदणी, आणि हे पत्रक अधिकृत पक्षसंघटनेचं नाही ही सूचना, कायद्यानं छापावीच लागते. तेव्हा पत्रक हातात आलं की उलटं करा आणि तळापासून वाचा.

मतपत्रिका निवडणुकीच्या २९ दिवस आधी टपालात पडतात. तेवढा वेळ पुरतो. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, मतदार मार्गदर्शिका नीट वाचा, पण त्यातलं निवेदन उमेदवार स्वतः लिहितो आणि बहुतेकदा स्वतःच्या खर्चानं छापून घेतो. सरकारी कचेरी त्यातला खरेखोटेपणा तपासत नाही. निवेदन नसलेला उमेदवार नालायक ठरत नाही, कदाचित त्याला खर्च परवडला नसेल. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली तीन शब्दांत दिलेल्या व्यवसायावरही मी फार विसंबत नाही. कोणते तीन शब्द चांगले दिसतील, हे उमेदवार विचार करूनच ठरवतो.

खरी माहिती मिळते ती आधी केलेल्या कामात. मार्च २०२४मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आमच्या १६व्या मतदारसंघात तिथल्या खासदार अ‍ॅना एशू निवृत्त होत होत्या आणि ११ उमेदवार उभे होते. त्यांतले सॅम लिकार्डो सॅन होजेचे माजी महापौर, जो सिमिटियन काउंटीचे सुपरवायझर, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाचे सदस्य, एव्हान लो राज्याच्या असेंब्लीत, म्हणजे विधानसभेत. मी एकच विषय धरला, घरांचा, कारण आमच्या गल्लीतल्या दोन शिक्षिका भाडं परवडेना म्हणून गाव सोडून गेल्या होत्या. मग शहराच्या आणि काउंटीच्या बैठकांची इतिवृत्तं उघडली, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकांवरची मतं पाहिली. तीन संध्याकाळी गेल्या. सगळे विषय धरले असते तर एकही पुरा झाला नसता, म्हणून तुम्हीही एकदोनच धरा.

जे कधीच पदावर नव्हते, त्यांच्यासाठी लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं व्होट४११ हे संकेतस्थळ पाहा. तिथे एका पदाच्या सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत छापतात. कोण प्रश्नाला भिडलंय आणि कोण बगल देतंय, हे शेजारीशेजारी वाचल्यावर लगेच कळतं.

पैशांसाठी, काँग्रेसचा उमेदवार असेल तर एफईसीचं, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाचं, संकेतस्थळ. २०० डॉलरच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो ते तिथे सापडतं. प्रायमरीच्या १२ दिवस आधी द्यायचा अहवालही पाहा. शिवाय उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरुद्ध बाहेरच्या गटांनी किती खर्च केला, ती यादी वेगळी असते. ती चुकवू नका. राज्याच्या पदांसाठी हेच काम कॅल-अ‍ॅक्सेस हे राज्याचं संकेतस्थळ करतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर "आपला माणूस आहे, मत द्या" असा निरोप येईल. आडनाव ओळखीचं वाटलं की मलाही आपुलकी वाटते, पण त्याचीही तीच तपासणी करा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. काँग्रेस आणि राज्याच्या पदांसाठी इथे पक्ष कोणताही असो, पहिले दोघेच नोव्हेंबरात जातात. त्या मार्चमध्ये दुसऱ्या जागेसाठी सिमिटियन आणि लो दोघांनाही बरोबर ३०,२४९ मतं पडली. फेरमोजणीत लो ५ मतांनी पुढे गेले. काकूंच्या घरातच पाच मतदार आहेत.

न्यायाधीशांसारख्या एखाद्या पदाबद्दल शेवटपर्यंत काहीच कळलं नाही, तर तो गोल रिकामा ठेवा. बाकीची मतं मोजली जातात. मी दर वेळी एकदोन गोल तसेच ठेवते, आणि मग लिफाफ्यावर सही करते.