कयाकचं वल्हं घरीच बनवा, तेही दोस्तांसोबत

पवना डॅमला कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) भाड्याने घेतली की वल्हं सगळ्यांना एकाच मापाचं मिळतं, मग उंची पाच फूट असो नाहीतर सहा. स्वतःच्या मापाचं हवं असेल तर ग्रीनलँडच्या पद्धतीचं बारीक पात्याचं करा, अख्खं वल्हं एकाच फळीतून निघतं, जोड नाही काही नाही. तिघं-चौघं मिळून केलं तर हत्यारं वाटून घेता येतात आणि रंधा मारताना फळी धरायला माणूस असतो.

आधी माप. तुमचा एक वाव अधिक एक हात, म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं भरेल त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं मिळवायचं. साडेपाच फुटी माणसाचं साधारण २१० सेंमी येतं. हे एकमेकांचंच घ्या, एकट्याने नीट होत नाही.

आता फळी, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच आहे. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जा, घाई करू नका. पाइन किंवा देवदार बघा, सागवान टिकतं पण हातात जड पडतं. चार इंच रुंद, दोन इंच जाड, गाठ नको, आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, तिरक्या गेल्या की वल्हं तिथेच मोडतं. डोळ्यासमोर धरून वाक पण बघा.

मग चारही बाजूंना मधोमध रेघ मारा. मधली मूठ खांद्यांएवढी, साधारण ५० सेंमी, तिथून दोन्हीकडे पातं रुंद होत टोकाला ८-९ सेंमी, तुमच्या मुठीत मावेल एवढंच. हा आकार कापून झाला की जाडी उतरवा, मध्ये साडेतीन सेंमी, टोकाला दीड.

पात्याच्या कडेला ६ मिमी जाडी राखून मधल्या रेघेकडे रंधा मारत जा, लाकूड उचकटायला लागलं की दिशा बदला. मूठ आधी अष्टकोनी करा, मग गोल. मध्यावर बोटावर तोलून बघा, जी बाजू झुकेल ती अजून थोडी उतरवा.

पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२० असा, मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू परत घासा. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, दोन-तीनदा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, बाहेर एकेक पसरून वाळवा आणि मगच फेका.