गुडघ्यात पीआरपी : रक्त काढण्यापासून सुई बाहेर येईपर्यंत

नागपुरात धंतोलीतल्या हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नव्या मुला-मुलींना मी जे तोंडी सांगत असते, ते एकदा लिहून काढते. पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) जास्त असलेला द्रव. झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून तो सांध्यात टोचतात. सांध्यात सुई डॉक्टरच घालतात. पण रक्त काढण्यापासून सिरिंज त्यांच्या हातात देईपर्यंतचं सगळं काम आपलं, आणि प्लेटलेटची वाट लागायची तर ती या कामातच लागते. म्हणून सगळ्यांना एकच सांगते: जिथे जिथे वाट अरुंद होते, तिथे तिथे हात सैल सोडा.

आधी रुग्णाशी बोला. विदर्भात काम करताना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरून चालत नाही. तिशीतला माणूस गुडघा धरून येतो, गुडघ्याचा एक्स-रे बरा दिसतो आणि दुखणं असतं खुब्यातलं. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं आणि ती कळ गुडघ्यात उतरते. अशा माणसाच्या गुडघ्यात पीआरपी घालून काय उपयोग? कुटुंबात कुणाला सिकलसेल आहे का, हे विचारा आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाला. सोबत सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट हवाच. प्लेटलेट मुळात कमी असतील, कुठे संसर्ग असेल किंवा सुईच्या जागेवर पुरळ असेल, तर ते काम त्या दिवशी होत नाही.

मग गोळ्यांची चौकशी. ‘काकाजी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का जी?’ असं विचारलं की अर्धे लोक नाही म्हणतात. पिशवीतली पाकिटं टेबलावर काढायला लावा, त्यात ॲस्पिरिन सापडतं. ॲस्पिरिन घेतलेली प्लेटलेट जगते तोवर, म्हणजे आठ-दहा दिवस, नीट काम करत नाही. म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. मात्र ॲस्पिरिन हृदयासाठी असेल तर ती थांबवायचा शब्द आपण काढायचा नाही. ते डॉक्टर आणि त्यांचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

रक्त काढायला २१ गेजची हिरवी बटरफ्लाय सुई घ्या. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, नवे लोक हमखास उलटं समजतात. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका. प्लंजर जोरात ओढू नका, फेस आला की पेशी फुटायला लागल्या समजा. रक्त गोठू न देणारं एसीडी-ए सिरिंजमध्ये आधीच भरलेलं असावं आणि रक्त आत आलं की सिरिंज हळूच उलटसुलट करावी. कफ सिरपची बाटली हलवल्यासारखं हलवायचं नाही. नळीवर नाव आणि वेळ रुग्णासमोरच लिहा. एका सकाळी दोन रुग्ण असतील तर दुसऱ्याचं रक्त पहिल्याचं काम पूर्ण झाल्यावरच काढा.

सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं मशीन. त्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे दिसतो. ‘३००० वर फिरवलं’ याला एकट्याला काही अर्थ नाही. पेशींवर किती जोर पडतो ते रोटरच्या त्रिज्येवरही ठरतं. हिशोब असा: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटरच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे साधारण १००० जी, गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट. तेच १५ सेंटिमीटरवर दीड हजारावर जातं. किटच्या पुस्तिकेत जी दिलेला असेल तर आपल्या मशीनचा आरपीएम काढून झाकणावर चिकटवून ठेवा. थांबताना ब्रेक बंद ठेवा. मशीन झटक्यात थांबलं की मधला पांढुरका थर, ज्याच्यासाठी ही सगळी खटपट, तो परत खालच्या लाल पेशींत मिसळतो.

पुस्तिकेत ‘रूम टेंपरेचर’ असं लिहिलेलं असतं. ते लिहिणारा मे महिन्यात नागपूरला आलेला नसावा! प्लेटलेटला २० ते २४ अंश मानवतात आणि आपल्याकडे बाहेर ४५ असतं. एसी आधी लावा, खोली गार होऊ द्या, मग रक्त काढा. आणि घाबरून फ्रिजमध्येही ठेवू नका, थंडीनेही प्लेटलेट बिघडतात.

आता सुई. २२ गेजच्या सुईचा आतला व्यास ०.४१ मिलिमीटरच्या आसपास, २७ गेजचा ०.२१, म्हणजे निम्मा. पण निम्म्या व्यासातून तेवढ्याच वेळात तेवढाच द्रव ढकलायला दाब दुप्पट नाही, सोळा पट लागतो. ‘रुग्णाला कमी दुखेल’ म्हणून बारीक सुई लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हिशोब चुकतो. गुडघ्यासाठी २१ किंवा २२ चालते. दुखू नये म्हणून कातडीत थोडं लिग्नोकेन देतात. ते सांध्यात सोडत नाहीत, कारण भुलीचं औषध कूर्चेच्या पेशींना आणि प्लेटलेटला दोघांनाही मानवत नाही.

पेशींना इजा नेमकी कुठे होते, याचा शोध स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घेतला होता. लांबलचक सुईत पेशींचे हाल होत असतील असं आपल्याला वाटतं. त्यांना मोठं कारण दिसलं ते सिरिंजच्या रुंद नळीतून सुईत शिरण्याच्या तोंडाशी. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत गर्दी रुंद रस्त्यावरून गल्लीत वळते तेव्हा माणसं दाबली जातात ती गल्लीच्या तोंडाशी, आत शिरल्यावर नाही. तसंच हे. पेशी तिथे ताणल्या जातात आणि त्यांचं आवरण फाटतं. हलक्या जेलमधून पेशी सोडल्या तर जास्त वाचतात, हेही त्यांनी दाखवलं. हे काम मूळ पेशींसारख्या (स्टेम सेल) जिवंत पेशींवरचं होतं, पण पीआरपीलाही मी तोच नियम लावते, कारण जोराने ढकललेल्या प्लेटलेट सांध्यात पोचण्याआधीच चेतवल्या जाऊ शकतात.

सिरिंजमध्येही एक गंमत आहे. अंगठ्याचा जोर तेवढाच ठेवला तर १ मिलीच्या सिरिंजमध्ये दाब १० मिलीच्या सिरिंजपेक्षा जवळपास नऊ पट होतो. छोटी सिरिंज हातात नाजूक वाटते, पण दाब तिचाच जास्त. सांध्यासाठी ५ किंवा १० मिलीची लुअर लॉक सिरिंज द्या, तिच्यावर सुई फिरवून घट्ट बसते. साध्या टोकाच्या सिरिंजवरून सुई दाबाने निसटते आणि महागाचं पीआरपी चादरीवर जातं. भरायला १८ गेज लावा, टोचायला सुई बदला, हवा हळू काढा.

डॉक्टर सहसा गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या-बाहेरच्या बाजूने जातात, सोनोग्राफीच्या पडद्यावर टोक बघत. गुडघ्यात पाणी असेल तर आधी ते काढतात, नाहीतर पीआरपी पातळ होतं. सांध्याच्या पोकळीत द्रव अलगद जातो. अडलं तर टोक चरबीत किंवा अस्तरात आहे असं समजायचं. तिथे जोर लावायचा नसतो, सुई किंचित सरकवायची असते. ५ मिलीला एक मिनिट तरी घ्यावं. संपल्यावर सुई लगेच ओढू नये, काही सेकंद थांबावं, म्हणजे द्रव सुईच्या वाटेने मागे येत नाही. धडधडत्या हृदयात पेशी टोचताना हीच अडचण फार मोठी होते. म्हणून तिथल्या काही कॅथेटरच्या टोकाला स्क्रूसारखी वळलेली सुई असते, ती स्नायूत फिरवून बसवतात.

‘सिस्टर, स्टेम सेल लावून द्या न,’ असं आता बरेच जण म्हणतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मूळ पेशींचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या ठरावीक आजारांपुरता आहे, बाकीचं नोंदणीकृत चाचणीतच. गुडघ्याच्या झिजेसाठी एका भारतीय पेशी-उत्पादनाला २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली, पण त्याचा अर्थ कुणीही पोटाच्या चरबीतून काढून लावावं असा नाही. कुणी चाचणी आहे म्हणत असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागायला सांगा. नंबर नाही आणि वर पैसेही मागतायत, तर उठून यायचं.

पीआरपीबद्दलही डिंग मारू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २८८ रुग्ण होते. वर्षभरानंतर दुखणं आणि कूर्चा या दोन्हींत पीआरपी आणि सलाइनमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत फायदा दिसलाय. कूर्चा पुन्हा उगवेल असं मात्र रुग्णाला कुणी सांगू नये.

नंतर गुडघा चार-पाच वेळा वाकवून घ्या आणि अर्धा तास बसवून ठेवा. दोन-तीन दिवस ठणकतं, त्यावर पॅरासिटामॉल. ब्रुफेन वगैरे नको. ताप आला, गुडघा लाल आणि गरम होऊन फुगला, तर रात्री दोन वाजताही फोन करायचा, हे घरच्यांना सांगा. रुग्ण बहुतेक विसरतो.

आवरताना सुई न झाकता सरळ पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. पुढचा रुग्ण आत घेण्याआधी रोटरचे कप पुसून घ्या.