बेटिंग साइटसाठी पेमेंट प्रोसेसर शोधताय? अर्ज वाचणाऱ्या बाजूने काही गोष्टी

माल्टात स्लीमाला एका ऑफिसात बसून मी ऑनलाइन कॅसिनो आणि बेटिंग कंपन्यांचे अर्ज वाचते. कार्डाने पैसे घ्यायची सोय द्यायची की नाही, हे ठरण्याआधी फाइल माझ्या टेबलावर येते. मूळची मी डोंबिवलीची, त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, रेट काय लागेल?" रेट सगळ्यात शेवटी येतो. आधी तुम्हाला घ्यायचं की नाही ते ठरतं.

भारतातून फोन असेल आणि "साइट तयार आहे, फक्त यूपीआय बसवून द्या" असं म्हणणं असेल, तर माझं उत्तर तिथेच संपतं. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. सर्व्हर परदेशात ठेवून गिऱ्हाईक भारतातलं घेतलं तरी सुटका नाही. मांडवीतल्या कॅसिनो बोटींचं उदाहरण देऊ नका. त्यांचा परवाना बोटीवर खेळण्याचा आहे, मोबाइलवर नाही. पुढचं सगळं, जिथे परवाना मिळतो अशा देशांत धंदा करणाऱ्यांसाठी.

परवाना कुठला, ते गिऱ्हाईक कुठलं यावर ठरतं. ब्रिटनमधल्या माणसाकडून पैज घ्यायची तर 2014 पासून तिथल्या गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो, तुमची कंपनी माल्टात असो की जिब्राल्टरला. मी पीडीएफ बघत बसत नाही. कमिशनच्या किंवा माल्टा गेमिंग ऑथॉरिटीच्या जाहीर नोंदवहीत नंबर टाकते आणि तिथे तुमचं डोमेन दिसतंय का ते बघते. नसेल तर फाइल परत. क्युरासाओला पूर्वी मोजक्या मास्टर परवानाधारकांकडून पोटपरवाने घेता यायचे. डिसेंबर 2024 मध्ये तिथे नवा कायदा आला आणि ती पद्धत मोडीत निघाली. तरी जुने पोटपरवाने जोडलेले अर्ज अजून येतात.

फाइलमध्ये मालकीची साखळी शेवटच्या माणसापर्यंत, बँक स्टेटमेंट, आधीच्या प्रोसेसरकडचे सहाएक महिन्यांचे आकडे, खेळाडूची केवायसी कशी करता आणि मनी लाँडरिंग रोखायला काय करता याची लेखी पद्धत, हे सगळं हवं. हे बहुतेक जण देतात. घोळ होतो देशांच्या यादीत. "जगभर" असं लिहिलेल्या अर्जाच्या मी दुसऱ्या पानावर जात नाही. तीन देश लिहा, प्रत्येकापुढे परवाना लिहा, बाकीच्यांना साइटवर कसं अडवता ते लिहा. मला चाचणीसाठी लॉगिनही द्या, कारण मी स्वतः खातं उघडून बघणार आहेच.

जुगाराच्या व्यवहाराला कार्ड कंपन्यांचा वेगळा कोड असतो, 7995. काही दलाल म्हणतात, "दुसऱ्या कोडवर बसवून देतो, बँका नाकारत नाहीत." असं म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन पोकर साइटांच्या संस्थापकांवर आरोप ठेवले, तेव्हा त्यात हेच होतं: पोकरचे पैसे दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणाऱ्या बनावट दुकानांच्या नावावर फिरवले जात होते. पैसे फिरवणारेही आरोपी झाले.

आता रेट. समजा महिन्याला 5 लाख युरो जमा झाले. त्यातले 4 लाख खेळाडू जिंकून किंवा उरलेले म्हणून परत काढतात. तुमच्याकडे राहिले 1 लाख. प्रोसेसरने 3 टक्के लावले तर ते जमेवर लागतात, म्हणजे 15 हजार, तुमच्या खऱ्या उत्पन्नाच्या 15 टक्के! वर रोलिंग रिझर्व्ह, म्हणजे चार्जबॅकसाठी (गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार करून उलटवलेल्या व्यवहारांसाठी) अडकवून ठेवलेली रक्कम. ती 10 टक्के आणि 180 दिवस असेल तर दर महिन्याला 50 हजार अडकतात आणि सहा महिन्यांनी 3 लाख युरो त्यांच्याकडे पडलेले असतात. नवे लोक रेटमधला पाव टक्का कमी करून घ्यायला भांडतात आणि रिझर्व्हवर सही करून मोकळे होतात. भांडायचं तर रिझर्व्हवर भांडा: सहा महिने चार्जबॅक आटोक्यात राहिले तर टक्केवारी खाली येईल, हे करारात लिहून घ्या. रिझर्व्हच्या रकमेला वरची मर्यादाही घालून घ्या.

चार्जबॅक येतात कुठून? हरलेला माणूस "हा व्यवहार मी केलाच नाही" म्हणतो, किंवा घरच्यांनी स्टेटमेंट बघितलं की म्हणतो. स्टेटमेंटवर साइटचं ओळखू येणारं नाव जाऊ द्या. आणि पैसे काढायला आलेल्याला ताटकळत ठेवू नका. जिंकलेले पैसे मिळेनात की तोच माणूस बँकेत जाऊन आधीचे डिपॉझिट उलटवायला लागतो. मास्टरकार्डकडे महिन्याला 100 चार्जबॅक आणि 1.5 टक्के, दोन्ही रेषा ओलांडल्या की दंडाचा सिलसिला सुरू होतो. ब्रिटनमध्ये 14 एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद आहे, तेव्हा तिथे क्रेडिट कार्ड आधीच ओळखून नाकारणारी यंत्रणा लागते. वॉलेटच्या आडून आलेलं क्रेडिट कार्डही चालत नाही.

कार्डावरच सगळा भार टाकू नका. ट्रस्टलीसारखी थेट बँक खात्यातून पैसे घेणारी सोय युरोपात चांगली चालते आणि तिथे कार्डासारखा चार्जबॅक नसतो. स्क्रिल, नेटेलर ही ऑनलाइन वॉलेटं या धंद्यात जुनी आहेत. पेपालला जुगारासाठी आधी मंजुरी लागते. मंजुरीशिवाय साध्या व्यापारी खात्यावर सुरू केलंत तर खातं गोठेल.

कार्डासाठीही दोन प्रोसेसर ठेवा, दुसऱ्याचा वाटा छोटा असला तरी चालेल, पण चालू ठेवा. जून 2020 मध्ये वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबात 1.9 अब्ज युरो सापडेनात आणि काही दिवसांत कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमधल्या तिच्या शाखेचं काम तिथल्या नियामकाने काही दिवस गोठवलं, तेव्हा तिच्या कार्डांवर चालणाऱ्या भलत्याच अॅपमधले लोकांचे पैसे अडकले.

सहीआधी करार संपवण्याचं कलम नीट वाचा. किती दिवसांच्या नोटिशीवर तोडू शकतात, तोडल्यावर रिझर्व्ह कधी परत देतात, आणि कोणत्या कारणाने तुमचं नाव मास्टरकार्डच्या मॅच यादीत (करार तोडलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत) घालतात, हे तिन्ही लेखी विचारा. त्या यादीत कंपनीबरोबर मालकांचीही नावं जातात आणि पाच वर्षं राहतात. तुमच्या भागीदाराचं नाव तिथे आधीपासून असलं तर मला ते पहिल्याच दिवशी दिसतं, म्हणून त्याला अर्ज भरण्याआधी तुम्हीच विचारा.