शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत: पोराचा पुडा कसा सोडवावा

पोराचं वजन वाढलं की मिळणारे ‘बदाम द्या, फळं द्या, पोहायला घाला’ हे सल्ले आमच्या मुंबईच्या वस्तीत निरुपयोगी आहेत. आई चार घरची कामं करून सातला परतते, हे धरूनच बोलायला हवं.

आधी आरोग्य केंद्रात वजन आणि उंची दोन्ही मोजून घ्या. वय आणि उंची न बघता नुसत्या वजनावरून काही कळत नाही. जेवण तोडू नका. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा उतरवा.

खरी अडचण संध्याकाळची. पोर एकटं, दाराला कडी, हातात मोबाइल आणि आईने जीव तुटतो म्हणून ठेवलेली दहाची नोट. त्यात वेफर्सचे पाचाचे दोन पुडे येतात. मी एका सोमवारी पैसे एकदम बंद केले. शुक्रवारी वाण्याने वही दाखवली, लेकाच्या नावावर उधारी! मी त्याला मारलं. ते आजही सलतं, कारण त्याची भूक खरी होती. शाळेतल्या खिचडीनंतर रात्रीपर्यंत त्याच्या पोटात दुसरं काही जातच नव्हतं.

म्हणून आधी खाणं ठेवा, पैसे नंतर काढा. सकाळी निघतानाच डबा भरा: फोडणीची चपाती, फुटाणे-शेंगदाणे, जमेल तेव्हा केळं. ‘घरात आहे, करून खा’ म्हणू नका. एकट्या पोराने गॅस पेटवता कामा नये. उकडलेले चणे उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतात, तेव्हा फुटाणेच बरे. पहिला आठवडा डबा आणि पैसे दोन्ही चालू ठेवा. मग दहाचे पाच करा, मग फक्त रविवारी. घाई केलीत तर पुन्हा उधारीच होईल.

वाण्याला स्वतः जाऊन भेटा, पोराला उधारी देऊ नका म्हणून सांगा. शाळेपासून 50 मीटरच्या आत असले पदार्थ विकायला 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, पण आमची गल्ली त्या अंतराबाहेर, तिला तो नियम लागत नाही. तिथे तुमचा शब्दच चालतो.

खाताना मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. पाच-सहा पोरं एकत्र करा, आळीपाळीने एकेका आईने किंवा आजीने लक्ष ठेवायचं. लंगडी, लगोरीला पैसे लागत नाहीत.

‘खात्यापित्या घरचं दिसतं’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका, डबा द्यायचं काम तिच्याकडेच सोपवा. आणि घरात कुणीही पोराला ‘जाड्या’ म्हणायचं नाही, लाडानेसुद्धा नाही. माझा लेक त्या एका शब्दापायी महिनाभर खेळायला गेला नव्हता.