टाके घातलेली भित्री मांजर घरी आणताना

अंगाखांद्यावर वाढलेली मांजर शस्त्रक्रियेनंतर घरी आली, की तिला मांडीवर घेऊन टाके पाहता येतात, गोळी भरवता येते, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर सरकली तर नीट करता येते. नागपूरच्या इतवारी-महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर जन्मलेली, वाटीतले खाईल पण बोट लावू देणार नाही अशी मांजर त्याच अवस्थेत घरी येते, तेव्हा यांतले काहीच जमत नाही. आणि हट्टाने करू गेले तर त्या झटापटीतच टाका उसवतो. मांजरीच्या पिलाला माणसाची सवय सहज लागण्याचा काळ दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंतचा, फार तर नवव्यापर्यंतचा. तो माणसाविना गेला, की माणसाचा हात तिच्या लेखी शिकाऱ्याचा पंजाच राहतो. पुढे ती माणसाळते, पण सावकाश. म्हणून तिच्या शुश्रूषेचा सारा बेत एकाच गोष्टीभोवती आखावा लागतो : तिला हात लावण्याची वेळ कमीत कमी यावी, आणि तरीही तिचे काय चालले आहे ते आपल्याला रोज कळावे.

आधीची तयारी

निम्मे काम शस्त्रक्रियेच्या आधीच करायचे असते. तारीख ठरवता येण्याजोगी असेल, नसबंदीसारखी, तर दोन आठवडे अगोदर कॅरी बास्केट तिच्या नेहमीच्या जागी, दार काढून, आत जुनी चादर घालून ठेवून द्यावी आणि तिचे जेवण रोज थोडे थोडे आत सरकवत न्यावे. आत जाऊन खाणे अंगवळणी पडलेल्या मांजरीला शस्त्रक्रियेच्या दिवशी पकडावे लागत नाही; फक्त दार लावावे लागते. भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टर वयानुसार सांगतात, परंतु चार घरी जेवणाऱ्या मांजरीला उपाशी ठेवायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून कोंडूनच ठेवावे लागते, हे लक्षात असू द्यावे.

तारीख निवडताना पंचांगाकडेही एक नजर टाकावी. दिवाळीचे दिवस नकोतच. पण महाल-इतवारीत राहणाऱ्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूकही विसरू नये. काळी आणि पिवळी मारबत खिडकीखालून ढोल-ताशांच्या गजरात जात असताना कालच पोट शिवलेल्या मांजरीचे काय होईल, हे सांगायला नको. नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, दिवसही शक्य असल्यास टाळावेत.

डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे आणि मांजर हाताळू देत नाही हे स्पष्ट सांगावे. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार असाल किंवा घराजवळच्या खासगी दवाखान्यात, प्रश्न तेच. टाके कातडीच्या आतून, विरघळणाऱ्या धाग्याचे घालता येतील का? आले तर टाके काढण्यासाठी पुन्हा नेण्याची कटकटच उरत नाही. वेदनाशामक आणि गरज असल्यास प्रतिजैविक दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या इंजेक्शनने देता येईल का? नाही तर निदान दिवसातून एकदाच द्यायचे, चव कडू नसलेले द्रव औषध मिळेल का? घरून निघण्यापूर्वी भीती कमी करणारे औषध खाण्यातून देता येईल का? गॅबापेंटिन हे औषध त्यासाठी पुष्कळ पशुवैद्य वापरतात, मात्र त्याचे प्रमाण त्यांनीच ठरवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मांजर भुलेत असतानाच तिची नखे कापणे, रेबीजची लस, गोचीड-पिसवांचे औषध आणि गळ्यातली कॉलर, ही सगळी कामे उरकून घ्यावीत. शुद्धीवर आलेल्या भित्र्या मांजरीला कॉलर घालण्याचा प्रयत्न ज्याने एकदा केला आहे, तो दुसऱ्यांदा हे सांगायला विसरत नाही.

खोली

घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत कंटाळवाणी खोली निवडावी. कोठीची खोली उत्तम. वापरात नसलेले न्हाणीघरही चालते. शयनगृह मात्र नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. आमच्या करड्या मांजरीला पहिल्या रात्री मोकळे वाटावे म्हणून मी बास्केटचे दार शयनगृहात उघडले, आणि ती भेलकांडत, भिंतीला घासत, दिवाणाच्या मागच्या बोटभर रुंद वाटणाऱ्या फटीतून आतल्या खणात शिरली. गाद्या उपसून, फळ्या काढून तिला बाहेर घेईपर्यंत पहाटेचे चार वाजले होते आणि एक टाका सुटलेला होता. त्यामुळे आधी जमिनीवर बसून मांजरीच्या उंचीवरून खोली पाहावी, आणि कपाटामागच्या, फ्रिजखालच्या, मोरीच्या पाइपाभोवतीच्या फटी उशा किंवा पुठ्ठे कोंबून बुजवाव्यात. उडी मारून चढता येईल असे काहीही खोलीत ठेवू नये.

लपण्याच्या जागा बुजवल्या म्हणजे लपू द्यायचे नाही असे नव्हे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरींपैकी काहींना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाही. खोके मिळालेल्या मांजरी लवकर स्थिरावल्या. लपणे हा तिचा आधार आहे, फक्त ती कुठे लपेल हे आपण ठरवायचे. ओळखीची झालेली बास्केट, तिच्यावर तीन बाजूंनी सोडलेली चादर, दार भिंतीकडे न करता खोलीच्या कडेकडे केलेले, हे सर्वांत चांगले लपणघर. हाड जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि हालचालीला मनाई असेल, तर खोलीऐवजी तारेचा मोठा घडीचा पिंजरा घ्यावा आणि ही बास्केट त्याच्या आत बसवावी.

लिटरच्या ट्रेमध्ये कन्हानची वाळू किंवा माती घालण्याची आपल्याकडची सवय दोन आठवडे बाजूला ठेवावी. बारीक कण ओल्या जखमेला चिकटतात. वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या पुरतात, आणि लघवी झाली की नाही हे त्यांवर पटकन दिसते. ट्रेची कड बुटकी असावी.

खोलीचे तापमान हा नागपुरात वेगळाच विषय आहे. भुलेनंतर मांजरीचे अंग थंड पडते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बास्केटच्या अर्ध्या भागात ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा तिला बाजूला सरकता येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असताना कूलरशिवाय गत्यंतर नसते, पण कूलर त्याच खोलीत लावून त्याचा झोत बास्केटवर सोडू नये. त्याचा घरघराट तिला रात्रभर ताठ ठेवतो आणि पहिल्या दिवशीचा ओलसर गार वारा तिच्या उतरलेल्या तापमानाला बाधतो. शेजारच्या खोलीतला कूलर आणि मधले दार दोन बोटे उघडे, एवढे पुरते. मात्र त्या फटीतून ती निसटणार नाही अशी दाराला अडसर लावावी.

पहिले चोवीस तास

दवाखान्यातून आणताना बास्केट टॉवेलने झाकावी आणि ऑटोत मांडीवर घट्ट धरावी. स्कूटरच्या पायाशी ठेवून खड्ड्यांतून आणू नये. घरी आल्यावर बास्केट खोलीत ठेवायची, दिवा मंद करायचा. भुलेसाठी केटामाइन वापरलेले असेल तर तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या राहतात, पापण्या नीट मिटत नाहीत, मान डुलते. हे पाहून घाबरू नये आणि थोपटूही नये. मान सावरून नीट चालू लागेपर्यंत अन्न द्यायचे नाही. त्यानंतर नेहमीच्या जेवणाचा चौथा हिस्सा, थोडा कोमट करून. ते पोटात राहिले तर काही तासांनी आणखी.

घरात दुसरे मांजर असेल तर त्याला आत येऊ देऊ नये. दवाखान्याच्या वासामुळे जन्माची सोबतीण परकी वाटते आणि शांत स्वभावाचा बोकाही तिच्यावर तुटून पडतो. चार-पाच दिवसांनी दोघांची पांघरुणे अदलाबदल करून वास पुन्हा ओळखीचा करून घ्यावा.

न शिवता पाहणे

एक वही करावी आणि तिच्यात रोज चार गोष्टी लिहाव्यात : किती खाल्ले, लघवी किती वेळा, शी झाली का, आणि बसण्याची ढब. अन्न स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून द्यावे आणि उरलेले पुन्हा मोजावे. ‘बरेच खाल्लेसे वाटते’ या नोंदीचा डॉक्टरांना उपयोग नसतो. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालते. लघवी चोवीस तास झाली नाही तर चालत नाही, आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर सकाळची वाट न पाहता त्याला न्यावे.

वेदना किती हे चेहऱ्यावरून ओळखता येते. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पाच खुणा पाहतात : कान पुढे न राहता बाजूला वळले आहेत का, डोळे किलकिले आहेत का, नाका-ओठांचा भाग ताणला आहे का, मिशा सरळ ताठ झाल्या आहेत का, आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली गेले आहे का. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. बेरीज चार किंवा अधिक आली तर वेदनाशामकाची गरज आहे असे समजावे आणि डॉक्टरांना फोन करावा. अडचण अशी, की भित्री मांजर आपल्याला पाहताच भीतीनेच कान पाडते आणि अंग आक्रसते, मग वेदना कुठली आणि भीती कुठली हे उमगत नाही. त्यावर घरात पडून असलेला जुना मोबाइल कामी येतो. तो बास्केटसमोर टेकवून व्हिडिओ कॉल सुरू ठेवावा आणि आपण दुसऱ्या खोलीत बसून पाहावे. एकटी असताना ती जशी बसते, तेच खरे. ती अंग चाटताना किंवा आळस देताना पोटावरची जखमही याच मोबाइलवर दिसते. त्या क्षणाचा फोटो घेऊन रोज कालच्याशी ताडून पाहावा.

काठाशी थोडी लाली आणि किंचित सूज पहिले काही दिवस असते. सूज वाढत जाणे, पू, दुर्गंध, टाक्यांच्या कडा विलग होणे, हिरड्या पांढुरक्या दिसणे, तोंड उघडून धापा टाकणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र हात न लावण्याचा नियम मोडावा आणि दवाखाना गाठावा. पूर्ण एक दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही तरी फोन करावा. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते, आणि लठ्ठ मांजरीत हा धोका अधिक असतो.

अन्न आणि औषध

आजारी मांजरीला वासाने भूक लागते. मीठ, हळद, कांदा, लसूण यांतले काहीही न घालता उकडलेली कोंबडी आणि तिचेच कोमट पाणी बहुधा नाकारले जात नाही. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याचाही विचार नको. सावजीचा तर वाससुद्धा दाराबाहेर थांबवावा. दूध देऊ नये, पुष्कळ मोठ्या मांजरींना त्याने हगवण लागते.

औषध सगळ्या जेवणात मिसळले तर कडू लागताच ती जेवणच सोडते, आणि मग औषधही गेले, अन्नही गेले. त्याऐवजी भुकेच्या वेळी तीन छोटे घास करावेत : पहिला साधा, दुसरा औषधाचा, तिसरा पुन्हा साधा आणि लगेच समोर ठेवलेला. मधला घास ती तिसऱ्याच्या ओढीने गिळते. घासातून दिलेली गोळी घशात अडकत नाही हा आणखी एक फायदा. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडीच अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

माणसांच्या औषधांच्या डब्याकडे वळूही नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा तिच्या यकृतात फारच तोकडी असते. जखमेवर हळद दाबणे, निलगिरीचे तेल लावणे, खोली फिनाइलने पुसणे, हे सगळे प्रेमाने केले जाते आणि सगळे अपायकारक असते. फरशी साध्या पाण्याने किंवा अगदी थोड्या साबणाने पुसावी.

धरावेच लागले, तर जाड टॉवेल दोन्ही हातांनी ताणून मागून तिच्या अंगावर, डोक्यासकट, एकदम टाकावा, क्षणभर थांबावे, मग खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी कडा खाली दाबून घेत तिला जमिनीवरच गुंडाळावे आणि फक्त हवा तेवढा भाग उघडा करावा. मानगूट धरून उचलू नये, पोटावर भार टाकू नये. मिनिटभरात काम झाले नाही तर सोडून द्यावे आणि तासाभराने पुन्हा पाहावे. चावली किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारण्यात संकोच करू नये. मांजरीचे सुळे बारीक असल्याने वरून क्षुल्लक दिसणारी जखमही आत खोल असते आणि लवकर चिघळते.

दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी, खोलीत जाऊन जमिनीवर आडवे तोंड करून दहा मिनिटे बसावे. बोलायचे तर हळू, एकसुरी बोलावे. नजर भिडली तर डोळे सावकाश मिटावेत आणि उघडावेत. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले, की अशा मिचकावण्याला मांजरी तसेच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही जायला अधिक तयार होतात. याहून जास्त लळा लावण्याचा प्रयत्न या दिवसांत करू नये. ती जखमी आहे, कोंडलेली आहे, पळायला जागा नाही. अशा वेळी पुढे केलेला हात तिला वेगळाच कळतो.

डॉक्टरांनी जखम भरल्याचे सांगितले, की (बहुधा दहा ते चौदा दिवसांनी) कॉलर काढावी आणि रात्री, घर निजल्यावर, खोलीचे दार उघडे ठेवावे. बाहेरची मांजर असेल तर तिला ज्या ठिकाणाहून आणले, नेमके तिथेच, उन्हे उतरल्यावर, पोटभर खाऊ घालून सोडावे. बास्केट मात्र लगेच धुऊन माळ्यावर टाकू नये. तिचे दार काढून ती तिथेच कोपऱ्यात राहू द्यावी आणि आठवड्यातून एखादे जेवण तिच्यातच द्यावे, कारण पुढच्या वर्षी लसीसाठी याच बास्केटमध्ये तिला पुन्हा बसवायचे आहे.