जोडीचा माल, बदलीचा माल: किराणा दुकानात पैसा अडकू नये म्हणून

आमचे दुकान खानापूरला. माल भरायला बेळगावच्या रविवार पेठेत जातो. तेव्हा टेंपोचे भाडे, हमाली आणि गोडाऊनमध्ये पडून राहिलेला पैसा हे तिन्ही खर्च आमच्याच खिशातून जातात. कितीतरी वर्षे मी प्रत्येक जिन्नस सुटा मोजत होतो आणि चुकत होतो. काही जिन्नस एकत्र खपतात, तो जोडीचा माल; काही एकमेकांच्या जागी चालतात, तो बदलीचा माल. त्यांचा हिशेब मिळूनच करावा लागतो.

सुरुवात एका वहीने करा. विकलेल्या मालाची नोंद असतेच. या वहीत गिऱ्हाइकाने मागितलेला पण आपल्याकडे नसलेला माल लिहा. पुढे काय झाले तेही लिहा: दुसरे घेतले की तसेच परत गेले? ही नोंद नसेल तर खपाचे आकडे फसवतात. एका कंपनीचे सूर्यफूल तेल संपले की दुसऱ्याचा खप वाढलेला दिसतो. मग आपण दुसरेच जास्त भरतो आणि खरी मागणी असलेले तेल आणखी कमी पडते. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्या. कुणी तांदूळ मागतो, कुणी अक्की. कुणी साखर, कुणी सक्करे. नोंद एकाच नावाखाली करा.

महिनाभराने वही वाचा. सूर्यफुलाच्या दोन कंपन्यांमध्ये दहापैकी आठ-नऊ जण मुकाट्याने बदली घेत असतील, तर तो खरा बदलीचा माल. इंद्रायणीचे तसे नाही. ज्यांच्या घरी मऊ, वासाचा भात लागतो ते सोना मसुरी नेत नाहीत. त्यामुळे ‘तांदूळ तो तांदूळ’ असे समजू नका.

बदलीच्या मालात अडीअडचणीचा साठा दोघांचा मिळून ठेवा. समजा, प्रत्येक तेलाचे ६ खोके राखीव लागतात. वेगवेगळे धरले तर १२ होतात. पण दोघांच्या खपातला चढउतार साधारण तेवढाच मोठा असेल, एकाच्या चढउताराचा दुसऱ्याशी संबंध नसेल आणि गिऱ्हाईक सहज बदल करत असेल, तर ६ ला २ च्या वर्गमूळाने गुणा: साडेआठ, म्हणजे ९ खोके पुरतात. तीन खोक्यांचा पैसा मोकळा झाला.

जोडीच्या मालाचा नियम उलटा. चहापूड आणि साखर एकत्र मागणारा माणूस एक नसेल तर कधीकधी दोन्ही सोडून जातो. दोन्ही जिन्नस शंभरातले ९० वेळा हजर असले, आणि एक संपण्याचा दुसऱ्याशी संबंध नसला, तरी दोन्ही एकदम मिळण्याची वेळ ८१ टक्केच येते. म्हणून यात स्वस्त जिन्नस कधीच संपू देऊ नका; थोड्या पैशात महाग जिन्नसाची विक्री वाचते.

शिवाय जोडीचा माल एकाच खेपेत आणा. एका वेळी किती माल आणावा हे काढायला फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली मांडलेले सूत्र इथे कामाला येते: वर्षाचा खप, एका खेपेचा खर्च आणि २ यांचा गुणाकार करा, एक पोते वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागा, वर्गमूळ काढा. धरा, वर्षाला साखर ६० पोती, खेप ६०० रुपयांची, आणि एक पोते वर्षभर ठेवायला ४०० रुपये. उत्तर येते एका वेळी १३ पोती. तीच खेप साखर, चहापूड आणि पोहे यांत वाटली तर साखरेच्या वाट्याला २०० रुपये येतात आणि एका वेळी ८ पोती पुरतात. हिशेब ढोबळ आहे, पण खानापूरच्या पावसात साखरेला पाणी सुटते हे ज्याने पाहिले आहे त्याला पाच पोत्यांचे मोल सांगावे लागत नाही.

गणपतीत गूळ, नारळ आणि तांदळाचे पीठ यांची एकच यादी करा. चतुर्थीच्या तोंडावर गूळ जास्त उरलासा दिसला तर गुळाचाच भाव पाडायची घाई नको. नारळावर दोन रुपये सोडा, गूळ त्याच्यासोबत जाईल. एका तेलावर सूट देताना मात्र आधी शेजारच्या तेलाचे खोके मोजा, कारण ती सूट त्याच तेलाचे गिऱ्हाईक ओढणार.