नेमबाजीच्या क्लब लीगमध्ये पहिल्यांदा उतरताय? नियम कुठं कुठं बदलतात ते बघून घ्या

पॅरिसला 2024 मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आल्यापासून आपल्या सोलापुरातपण रेंजवर नवीन पोरं लै दिसायला लागलीत, आणि थोडा हात बसला की कोच म्हणतो चल, लीगला नाव दे. तिथंच गोंधळ सुरू होतो, कारण घरच्या रेंजवर 380 गुण मारणारं पोरगं दुसऱ्या क्लबच्या रेंजवर गेलं की तेच नेमबाज, तीच रायफल, पण मोजायची पद्धतच वेगळी. मी स्वतः एअर रायफल मारतो आणि लीगच्या दिवशी कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, तपासायच्या टेबलावरही बसतो, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगतोय.

सगळ्यात मोठा फरक डेसिमलचा, म्हणजे गुण दशांशात मोजण्याचा. आंतरराष्ट्रीय नियमात एअर रायफलच्या पात्रता फेरीत 60 शॉट, प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे एकूण 654. एअर पिस्तूलला मात्र पात्रता फेरीत पूर्ण आकडेच धरतात, तिथं 600 च्या वर जाताच येत नाही. आपल्याकडं बहुतेक क्लबांत कागदी कार्डं, त्यामुळं रायफललासुद्धा पूर्ण आकडे, आणि शॉट कुठं 20, कुठं 40. आता एक सिरीज बघा, दहा शॉटची. एकीनं दहाही शॉट 10.1 मारले, दुसरीनं नऊ शॉट 10.6 आणि एक 9.8. पूर्ण आकड्यांत पहिलीचे 100, दुसरीचे 99, पहिली पुढं. डेसिमलमध्ये पहिलीचे 101, दुसरीचे 105.2, दुसरी लै पुढं. दोघींपैकी चांगली कोण? मला विचाराल तर दुसरी, पण लीगचं मेडल पहिली घेऊन जाणार आणि त्यात काहीच चूक नाही, नियम आधी सांगितलेला असला म्हणजे झालं. म्हणून कुणी स्कोअर सांगितला की किती शॉटचा आणि डेसिमल की साधा, हे विचारल्याशिवाय आपली तुलना करत बसू नका, उगाच मन खट्टू होतंय.

कागदी कार्डाचं दुसरं दुखणं म्हणजे रेषेवरचा शॉट. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, रिंगा अडीच-अडीच मिलिमीटरवर. छर्रा वरच्या मार्काच्या रिंगच्या रेषेला नुसता टेकला तरी वरचा मार्क मिळतो. पण कागद लवचिक, छर्रा गेला की भोक आकसतं, त्यामुळं नुसत्या डोळ्यानं बघितलं तर आठ वाटणारा शॉट गेज घातल्यावर नऊ निघतो. गेज म्हणजे मापाची दांडी, भोकात सरळ घालायची आणि वरनं भिंगातून बघायचं. मोठ्या स्पर्धेत ती एका भोकात एकदाच घालतात, ज्युरीच घालते, आणि तो निर्णय शेवटचा. काही क्लबांत गेजच नसतं, तिथं वादाचा शॉट नेमबाजाच्या बाजूनं देऊन टाकायचा असा रिवाज असतो, काही ठिकाणी दोन जण बघतात आणि एकमत नाही झालं तर तिसरा. टेबलासमोर पालक उभे राहून "अहो काका, लागलंय की रेषेला, नीट बघा की" करालेत, हे दर लीगला असतंच. एक काम करा, चपट्या तोंडाचे छर्रे वापरा, भोक स्वच्छ कापलं जातं. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग भांडण फिक्स.

वेळ आणि साइटर, म्हणजे मॅचआधीचे न मोजले जाणारे अंदाजाचे शॉट. मोठ्या स्पर्धेत 15 मिनिटं तयारी आणि साइटिंग, त्यात हवे तेवढे साइटर, मग मॅच स्टार्ट, त्यानंतर एकही साइटर नाही. 60 शॉटला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं, कागदावर 90. क्लबात कुठं साइटरचं वेगळं कार्ड देतात, कुठं मोजून पाच, कुठं वेळ एकत्रच धरतात म्हणजे साइटरमध्ये रमलात की मॅचची मिनिटं गेली. हे लाईनवर उभं राहून कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

साइटचा वर्ग तर विचाराच. ओपन साइट (उघडी खाच) आणि पीप साइट (बारीक भोकातून बघायची) वेगळे, पण छोट्या लीगमध्ये माणसं कमी पडली की दोन्ही एकत्र करतात, कधी ओपनवाल्याला काही गुण सूट देतात. नेमबाजीच्या जाड जॅकेटचंही तसंच. काही ठिकाणी नवशिक्यांच्या गटात जॅकेट चालत नाही, आणि खरं सांगायचं तर एप्रिलमध्ये सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली जॅकेट नसलेलंच सुख आहे.

आपापल्या रेंजवर मारून कार्डं पाठवायची, अशीपण लीग असते. यात प्रवास वाचतो पण तुलना लंगडी. फायरिंग लाईनपासून टार्गेटपर्यंत 10 मीटर बरोबर आहे का, टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर आहे का, उजेड कसा, पंख्यानं कार्ड हलतंय का, हे कोण बघणार? चांगला आयोजक आधीच नंबर टाकलेली, सही केलेली कार्डं पाठवतो. नुसता मोबाईलवर फोटो मागणाऱ्या लीगकडं सराव म्हणून बघा.

लाईट जाणं हा आपल्याकडचा खास विषय. आंतरराष्ट्रीय नियमात आपली चूक नसताना पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर वाया गेलेली वेळ मिळते, वर पाच मिनिटं जास्तीची आणि साइटरही. क्लबात हे लिहिलेलं नसलं तर त्या दिवशी जो मोठ्यानं बोलेल त्याचं चालतं.

दोघांचे गुण सारखे झाले तर टाय सोडवायला कुणी इनर टेन, म्हणजे दहातलेही अगदी मधले शॉट, मोजतं, कुणी शेवटची सिरीज बघतं. टीमला चार मारतात आणि चांगले तीन धरतात, हेही ठिकाणागणिक बदलतं.

सेफ्टी मात्र कुठंच बदलत नाही, बदलत असेल तर तिथून परत या. बंदूक रिकामी आहे हे दाखवणारा, नळीच्या आरपार जाणारा सेफ्टी फ्लॅग, बंदुकीचं तोंड कायम टार्गेटकडं, कुणी पुढं गेलं असेल तर हात बंदुकीला लावायचा नाही. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडणाऱ्या बंदुकीची सवय घेऊन येणाऱ्यांना हेच आधी सोडवावं लागतं. रायफल पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल तर सिलिंडरवरची तारीखही बघा, बनवल्यापासून दहा वर्षांपुढचं मोठ्या स्पर्धेत चालत नाही आणि ती जबाबदारी तुमचीच.

क्लब लीगच्या स्कोअरवर पुढची निवड होत नाही, त्यासाठी राज्य संघटनेच्या स्पर्धेतच उतरावं लागतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पहिल्यांदा उभं राहिलेलं आपलं पोरगं दर शॉटला मॉनिटरकडं बघत बसतं, 9.9 दिसला की चेहरा पडतो, आजवर कागदावर तो नऊच होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. साइटिंगच्या वेळेतच मॉनिटर कसा बदलतो, झूम कुठं, साइटरचं मॅच झालंय हे कशावरनं कळतं ते बघून घ्या, मॅच सुरू झाल्यावर कोच लाईनवर येऊन सांगू शकत नाही.